औंढ्याचा दगड आणि पांढरीची माती
(एका दिवसाच्या अभ्याससहलीचा वृत्तान्त आणि काही विचार)

द्वितीय वर्ष, कला शाखा

औंढा नागनाथ हे नाव उच्चारले की डोळ्यांपुढे प्रथम देऊळ उभे राहते. बारा ज्योतिर्लिंगांत या स्थानाची गणना होते. द्वारकेजवळच्या आणि उत्तराखंडातील देवस्थानांच्या भक्तांचाही तसाच दावा असला, तरी मराठी मुलखात नागनाथ म्हणजे औंढ्याचाच, याबद्दल कोणाच्या मनात शंका नसते. श्रावणात आणि महाशिवरात्रीला येथे लोटणारी गर्दी आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे.

परंतु वास्तुकला म्हणजे देऊळ, किल्ला आणि लेणी, एवढीच आपली समजूत झालेली आहे. ज्या गावात देऊळ उभे आहे त्या गावातील घरे कशी होती, ती कशाची बांधली, कोणी बांधली आणि ती दरसाल कोण राखीत होते, हा प्रश्न आपण विचारीत नाही. देवळाचा इतिहास लिहिला जातो, घराचा लिहिला जात नाही. आमच्या वर्गाने यंदाच्या जानेवारीत औंढ्याला जी अभ्याससहल काढली, ती या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी पाहण्यासाठी होती. तेथे काय पाहिले आणि त्यावरून काय वाटले, ते या लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

सहलीचा हेतू

या सहलीचे मूळ एका चित्रात आहे. मानवी वस्ती आणि पर्यावरण हा भाग शिकविताना सरांनी आम्हांला अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या ताओस पुएब्लो या गावाचे चित्र दाखविले. मातीच्या रंगाची सपाट छपरांची घरे, एकावर एक रचल्यासारखी, भिंतींतून बाहेर आलेली लाकडांची टोके आणि छपराला टेकविलेल्या शिड्या. ‘हे कोठले घर असेल?’ असे सरांनी विचारताच मागच्या बाकावरून उत्तर आले, ‘सर, हे तर माळवद हाय!’ सगळा वर्ग हसला, पण सर हसले नाहीत. ते म्हणाले, ‘बरोबर बोलला. आता आपण आपले माळवद पाहू आणि दोन्हींची तुलना करू.’

त्याप्रमाणे हिंगोलीहून सकाळच्या एस.टी.ने आम्ही सव्वीस विद्यार्थी निघालो. हिंगोलीपासून औंढा सुमारे पंचवीस किलोमीटर. दुपारपर्यंत देऊळ, दुपारनंतर जुने गावठाण आणि जवळचे एक खेडे, असा बेत होता. सरांनी प्रत्येकाला प्रश्नांचा एक कागद दिला होता. भिंत कशाची आहे? छत कशाचे आहे? बांधणारे कोण? डागडुजी कोण करते आणि किती दिवसांनी? हे प्रश्न घराला विचारायचे होते तसेच देवळालाही विचारायचे होते.

दगड

नागनाथाचे देऊळ यादवकाळातील, म्हणजे साधारण तेराव्या शतकातील मानले जाते. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी होता. त्याच्या नावावरून अशा देवळांना आपण हेमाडपंती म्हणतो. खरे पाहता ही बांधणी त्याच्याही आधीपासून चालत आलेली आहे. काळा पाषाण घडवून, त्याला खाचा आणि कुसू पाडून, चुन्याशिवाय एकावर एक बसविणे हे तिचे मुख्य लक्षण होय. दगडाचे वजन हेच येथे दगडाला धरून ठेवते.

देवळाला प्रदक्षिणा घालताना बाहेरच्या भिंतीवरील थर नीट पाहावेत. हत्तींच्या रांगा आहेत, त्यांच्या वर देवदेवतांच्या मूर्ती आहेत. लिंग मात्र वर दिसत नाही. ते जमिनीखालच्या गाभाऱ्यात आहे. अरुंद वाटेने, अंग चोरून आणि वाकून खाली उतरावे लागते. खाली जागा इतकी थोडी की दर्शन घेणाऱ्याला बसूनच घ्यावे लागते.

आता कागदावरचा पहिला प्रश्न, ‘भिंत कशाची आहे?’ याचे उत्तर आम्ही ‘काळ्या दगडाची’ असे लिहून मोकळे झालो होतो. सरांनी आम्हांला दूर उभे करून वर पाहावयास सांगितले. तेव्हा ध्यानात आले की देवळाचा खालचा भाग काळा आणि कोरीव आहे, तर वरचा शिखराचा भाग निराळ्या घडणीचा, गिलाव्याचा आणि पांढरा आहे. खालचे काम यादवकाळाचे आणि वरचे नंतरच्या काळातील, पेशवाईत जी बांधणी प्रचलित होती त्या पद्धतीचे. मूळ शिखर मोगलांच्या काळात पाडले गेले आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला, असे गावात सांगतात. सांगण्याचा मुद्दा हा की ज्या देवळाला आपण ‘सातशे वर्षांचे’ म्हणतो, तेही दोन वयांचे आहे. दगडालाही डागडुजी लागली. कोणी तरी ती केली, म्हणून देऊळ आज आपल्यापुढे उभे आहे.

देवळाच्या मागच्या बाजूचा नंदीही आम्हांला दाखविण्यात आला. संत नामदेवांना देवळामागे जाऊन कीर्तन करावे लागले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी कथा आहे. नामदेवांचे नर्सी याच जिल्ह्यात आहे, आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांची त्यांना भेट झाली ती औंढ्यालाच, असे परंपरा मानते. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. देव नाही अशी जागा दाखव, तेथे पाय ठेवतो, असे त्यांनी नामदेवांना म्हटले. या कथेचा आमच्या विषयाशी तसा संबंध नाही, पण दुपारी मातीच्या घरांत शिरताना ती माझ्या मनात होती, एवढे नमूद करतो.

काळी आणि पांढरी

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. जुन्या महसुली बोलीतही हेच शब्द आहेत. गावजत्रेत पांढरीला नैवेद्य दाखवितात, म्हणजे गावाच्या जागेला दाखवितात. पण वस्तीची जागा पांढरी का, हे मी कधी कोणाला विचारले नव्हते.

दुपारी आम्ही ज्या खेड्यात गेलो, तेथे एका पडक्या गढीचा बुरूज अजून उभा आहे. त्याची माती करड्या-पांढऱ्या रंगाची असून हाताला पिठासारखी लागते. तिच्यात खापराचे तुकडे, राख आणि कोळसा दिसतो. सरांनी सांगितले की ही माती एका पिढीची नव्हे. घर बांधले, पडले, त्याच मातीवर दुसरे बांधले, असे शेकडो वर्षे होत गेले. चुलीची राख, गोठ्यातले शेण आणि भिंतींची माती यांचा थर वाढत गेला आणि त्याची पांढरी झाली. म्हणून जुनी गावे आजूबाजूच्या रानापेक्षा थोडी उंचावर असतात. पुरातत्त्वाचे अभ्यासकही प्राचीन वसाहत शोधताना नदीकाठचे पांढरीचे टेकाड प्रथम पाहतात. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची मातीच्या भिंतींची घरे सापडली. मातीचे घर ही आपल्याकडची एवढी जुनी गोष्ट आहे.

घराला पांढरी मातीच का लागते, याला कारण आहे. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात काळ्या रानातल्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. अशा मातीची भिंत एका पावसाळ्यातच फाटेल. पांढरी माती तेवढी फुगत नाही आणि तेवढी आकसतही नाही. ज्या मातीत पीक चांगले येते तिच्यात घर टिकत नाही, आणि जिच्यात घर टिकते ती गावातच असते. मात्र पडक्या गढीची माती शेतकरी गाड्या भरून रानात टाकतात, कारण ती खताचे काम करते. म्हणजे घर जुने झाले की पुन्हा काळीत जाते.

माळवद

त्या खेड्यात आम्ही सात माळवदी घरे पाहिली. त्यांतील एक एका वृद्ध गवंड्याचे होते. वय ऐंशीच्या घरात, पण आठवण तल्लख. त्यांनी आम्हांला ओसरीवर बसवून सारी रचना समजावून सांगितली. ती त्यांच्या सांगण्याप्रमाणे देतो.

घराचे माप फुटांत नसते, खणांत असते. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. तीन खणांचे घर गरिबाचे, पाच-सात खणांचे बऱ्या शेतकऱ्याचे, आणि मध्ये चौक सोडून चहूबाजूंनी खण असले की तो वाडा. पाया दगडाचा घेतात, जमिनीपासून हात-दोन हात वर आणतात, म्हणजे पावसाचे शिंतोडे मातीला लागत नाहीत. त्यावर पांढरीच्या मातीची भिंत. चिखलात गव्हाचे भुसकट आणि शेण मिसळून तो आठ-दहा दिवस मुरू देतात, रोज पायांनी तुडवितात. मग त्याचे भेंडे करून एकावर एक रचतात. एका दिवसात हातभरापेक्षा जास्त भिंत चढवायची नाही, कारण खालचा थर वाळल्याखेरीज वरचे ओझे त्याला पेलत नाही.

भिंतीची जाडी दीड ते दोन हात. एवढ्या जाडीत माणूस कितीतरी गोष्टी सामावून घेतो. दिव्याची देवळी, वस्तूंचा कोनाडा आणि धान्याचे बळद हे सारे भिंतीच्या पोटात असते. दिवसभराचे ऊन भिंतीच्या आत पोहोचेपर्यंत रात्र होते. परभणी-हिंगोलीकडच्या बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात दुपारी माळवदाखाली जो गारवा मिळतो, तो पत्र्याखाली मिळत नाही, याचे रहस्य हेच होय.

छताची रचना वरून सपाट दिसते पण ती थरांची आहे. प्रथम लाकडी खांबांवर तुळया. तुळयांवर आडवी लाकडे. त्यांवर फळ्या किंवा काटक्या दाट बसवितात. त्यावर कडुनिंबाचा पाला, म्हणजे वाळवी लागत नाही. मग चिखलाचा थर, आणि सर्वांत वर खारी माती चोपून बसवायची. ही खारी माती ओली झाली की तिची छिद्रे बुजतात आणि पाणी खाली झिरपत नाही. जी चोपण जमीन शेतकऱ्याला नकोशी असते, तीच छपरावर कामाला येते. छपराला किंचित उतार देऊन पाण्याला पन्हाळी काढतात, आणि मध्ये उजेडाला व धुराला साणे ठेवतात. माळवदावर उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळतात, तूर वाळते आणि रात्री घरातली माणसे झोपतात.

आमच्या कागदावरचा शेवटचा प्रश्न होता, डागडुजी कोण करते? गवंडीआबा म्हणाले, ‘गवंडी एकडाव बांधतो बाळा, पुढं घर बायाच राखत्यात.’ भिंतीला पोतेरे, जमिनीला सारवण, सणावाराला नवा हात, हे सर्व घरातल्या बायका करतात. पुरुषांचे काम वर्षातून एकदा, मृगाच्या आधी माळवदाची माती नीट करण्याचे. हे ऐकल्यावर आमच्यातील मुलींनी लिहिणे थांबवून एकमेकींकडे पाहिले. कोणत्याही पुस्तकात वास्तुकलेच्या धड्यात सारवणाचा उल्लेख मी वाचलेला नाही.

ताओसचे गाव

आता त्या चित्राकडे वळू. ‘पुएब्लो’ हा स्पॅनिश भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ गाव. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक तेथे गेले, तेव्हा गावे करून राहणाऱ्या आणि मका पिकविणाऱ्या तेथील मूळ रहिवाशांना त्यांनी हे नाव दिले. ताओसची जुनी घरे साधारण इ.स. १००० ते १४५० या काळात उभी राहिली असे मानतात. गावाच्या मधून ओढा वाहतो आणि त्याच्या दोन्ही काठांवर घरांचे दोन मोठे समूह आहेत. ती चार-पाच मजल्यांपर्यंत चढत जातात. खालच्या घराचे छप्पर हेच वरच्या घराचे अंगण. पूर्वी खालच्या मजल्याला दारे नसत. शिडीने वर चढून छपरातून आत उतरत आणि शत्रू आला की शिडी वर ओढून घेत.

या बांधणीला ‘अडोबी’ म्हणतात. हा शब्द अरबीतून स्पॅनिशमध्ये गेला आणि त्याचे मूळ प्राचीन इजिप्तच्या भाषेत आहे. विशेष असे की ताओसचे लोक पूर्वी चिखल हातांनीच थरावर थर रचून भिंती करीत. लाकडी साच्यातली कच्ची वीट तेथे स्पॅनिश लोकांनी नेली. आपल्याकडचे भेंडे आणि साच्याची वीट यांच्यातही हाच फरक आहे. छताची रचना तर आश्चर्य वाटावे इतकी सारखी. जाड तुळया, त्यांवर काटक्या, त्यावर पालापाचोळा आणि वर माती. दोन्ही लोकांची कधी गाठभेट नाही, एक पुस्तक वाचलेले नाही. परंतु कोरडी हवा, कडक ऊन, थोडे लाकूड आणि भरपूर माती एवढे हाताशी असले की माणसाची बुद्धी बहुधा एकाच वाटेने जाते.

एक फरक मात्र मोठा आहे. ताओस पुएब्लो १९९२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. ते रिकामे अवशेष नाहीत. तेथे आजही लोक राहतात, भिंतींना माती लावतात आणि परंपरेला धरून जुन्या भागात वीज व नळ घेत नाहीत. आपल्याकडे तसेच घर पाडण्यायोग्य ठरते.

त्याच परिसरातील रांचोस दे ताओस येथील जुन्या चर्चची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. दरसाल माती लावण्याचा त्रास वाचावा म्हणून १९६७ साली त्याच्या मातीच्या भिंतींना सिमेंटसारखा कठीण गिलावा केला. बाहेरून भिंत पक्की झाली, पण आत शिरलेला ओलावा बाहेर पडेना आणि आतली माती कुजू लागली. शेवटी १९७९ मध्ये तो गिलावा काढून पुन्हा मातीचा करण्यात आला. आता दर उन्हाळ्यात गावचे लोक एकत्र येऊन चर्चला माती लावतात. आपल्याकडेही मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंट थापण्याची रीत पडली आहे. आम्ही पाहिलेल्या सात घरांपैकी तीन घरांना ते थापलेले होते, आणि तिन्ही ठिकाणी खालच्या बाजूला गिलावा फुगून भिंतीपासून सुटलेला होता.

किल्लारीचा प्रश्न

येथवर वाचून कोणी विचारील, मग किल्लारीचे काय? हा प्रश्न टाळून मातीच्या घराची स्तुती करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. गणेश विसर्जनानंतरची ती रात्र. सरकारी आकड्याप्रमाणेच जवळजवळ आठ हजार माणसे मरण पावली, आणि त्यांतील बहुतेक स्वतःच्या घराखाली. ती घरे माळवदीच होती. तेव्हापासून मराठवाड्यात माळवद या शब्दालाच भीती चिकटली. आपला जिल्हाही या भीतीपासून दूर नाही. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून गूढ आवाज येतात, हे आपण वर्षानुवर्षे ऐकतो. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ या दोन्ही दिवशी सकाळी आपल्या भागात ४.५ रिश्टरचे धक्के बसले, तेव्हा आम्ही सर्व अंगणात येऊन उभे होतो.

किल्लारीच्या घरांचा अभ्यास पुढे अभियंत्यांनी केला. त्यातून दिसले ते असे. भिंती ओबडधोबड दगडांच्या आणि चिखलात बसविलेल्या होत्या. आतली आणि बाहेरची अशा दोन पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड त्यांत नव्हते. छपरावरील मातीचा थर कोठे कोठे एक ते अडीच फूट झाला होता. धक्का बसताच भिंतीचे पदर सुटले आणि हे ओझे खाली आले. मात्र जेथे छत भिंतीवर नव्हे तर लाकडी खांबांच्या चौकटीवर टेकलेले होते, तेथे भिंती ढासळूनही छत उभे राहिल्याची उदाहरणे आढळली. म्हणून पुढे दुरुस्तीचे जे मार्ग सांगण्यात आले, त्यांत छपरावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, घराला वरून पट्टा बांधा आणि खांब-तुळयांना आधार द्या, या गोष्टी मुख्य होत्या.

मी हे गवंडीआबांना विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘आमच्या वक्ताला आधी जुनी माती खरवडायची, मग नवी टाकायची. पुढं माणसं खरवडीनात. गळालं की टाक वरून पाटीभर, गळालं की टाक. वझं कुणी मोजलं न्हाई.’

माझ्या मते सर्व सहलीचे सार या वाक्यात आहे. माती होती तीच होती. तिच्याबरोबर असलेले ज्ञान, म्हणजे किती टाकावी आणि किती काढावी हे, मधल्या एका पिढीत गळून गेले. दगडाचे देऊळ शंभर वर्षे दुर्लक्षिले तरी उभे राहते. मातीच्या घराचे तसे नाही. त्याचे शास्त्र दरवर्षीच्या कामात असते. काम थांबले की शास्त्रही जाते, आणि मग तेच घर घातक होते.

कच्चे आणि पक्के

आता थोडे घरचे. माझ्या आजोबांनी बांधलेले आमचे घर पाच खणांचे माळवदी आहे. तीन पिढ्या त्यात वाढल्या. आमच्या कुळात कॉलेजात येणारा मी पहिला, आणि माझा अभ्यासही त्याच घराच्या देवळीतल्या दिव्याशेजारी सुरू झाला. मागे घरकुलासाठी पाहणी झाली तेव्हा कागदावर आमच्या घरापुढे ‘कच्चे’ असा शब्द लिहिला गेला. २०१६ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरचे पक्के घर मिळते. आमचे नाव यादीत आले आहे. माळवद पाडून तेथे ते बांधावे, असे वडिलांचे मत आहे.

सहलीहून परत आल्यावर मी उत्साहाने आईला ताओसची हकीकत सांगितली. तेथले लोक दरसाल भिंतींना माती लावतात, हे ऐकून ती म्हणाली, ‘तिथं समदा गाव लावतोय म्हणतोस. हितं मी एकलीच लावते. आन् धक्का बसला की तुझ्या आजीला उचलून बाहेर आणायचं कुणी?’

या प्रश्नाला माझ्याजवळ पुस्तकातले उत्तर नव्हते. तिला पक्के घर हवे आहे आणि तसे वाटणे रास्त आहे. वर्षानुवर्षे गुडघे टेकून सारवणाऱ्या बाईला ‘ही आपली संस्कृती आहे, तू सारवत राहा’ असे सांगण्याचा अधिकार मला नाही. संस्कृती राखण्याचे काम एकाच माणसाच्या पाठीवर टाकले, तर ते तिला ओझेच वाटणार.

तरीही ‘कच्चे’ हा शब्द मला खटकतो. महात्मा गांधी सेवाग्रामला राहावयास गेले ते १९३६ साली, आणि तेथली त्यांची कुटी माती, बांबू आणि कौले यांची आहे. ती पाहण्यास देशोदेशीचे लोक येतात आणि तिला कोणी कच्चे घर म्हणत नाही. केरळात लॉरी बेकर या वास्तुविशारदाने जवळपास मिळणाऱ्या साहित्यातून गरिबांसाठी कमी खर्चाची आणि टिकाऊ घरे बांधली. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा मातीला शास्त्राची जोड देता येते, हे सिद्ध झालेले आहे. सुरक्षित असणे आणि सिमेंटचे असणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. पत्र्यावर वाऱ्याच्या भीतीने मोठे दगड ठेवलेले घर पक्क्यांत मोजले जाते, परंतु २०२४ च्या धक्क्यांनंतर तेच दगड उतरवून ठेवा, असे प्रशासनाला लोकांना सांगावे लागले.

आमच्या घरी अजून निर्णय झालेला नाही. वडिलांशी बोलून एवढे ठरले आहे की, नवे घर परसात बसते का ते आधी मोजून पाहावयाचे. बसल्यास जुन्या घराचे मागचे दोन खण ठेवायचे आणि त्यांवरची माती या उन्हाळ्यात खरवडून हलकी करावयाची. खरवडण्याचे काम मी आणि माझा धाकटा भाऊ करणार आहोत. त्या दोन खणांचे सारवणही यापुढे आम्हीच करावे, असे आईने सुचविले आहे, आणि ते आम्ही मान्य केले आहे.

समारोप

विद्यार्थी मित्रांनो, सर्व माळवदे राखावीत असे माझे म्हणणे नाही. ते शक्यही नाही. पुष्कळ घरे येत्या काही वर्षांत पडतील किंवा पाडली जातील. पण पडण्यापूर्वी त्यांची नोंद व्हावी, आणि ती नोंद करण्यास आपल्याइतके योग्य कोणी नाही. बाहेरून येणाऱ्या अभ्यासकाला साणे, बळद, पन्हाळी, भेंडे हे शब्द प्रथम शिकावे लागतील. आपण ते शब्द घेऊनच जन्मलो आहोत. आपल्या महाविद्यालयात दीडशेहून अधिक खेड्यांतून विद्यार्थी येतात. प्रत्येकाने आपल्या गावातले एक जुने घर निवडावे, त्याचे खण मोजावे, नकाशा काढावा, छपरावरच्या मातीची जाडी पाहावी, आणि ते बांधणाऱ्या किंवा राखणाऱ्या माणसाशी बोलून त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. बोलताना घरातल्या बायकांना विसरू नये. अशी शंभर घरांची नोंदवही ग्रंथालयात जमा झाली, तर तो या भागाचा एक इतिहास होईल.

सरांनी या कामासाठी विभागात एक वही उघडलेली आहे. तिच्यात पहिली नोंद त्या खेड्यातील गवंडीआबांच्या घराची आहे आणि दुसरी आमच्या. तिसऱ्या क्रमांकापासूनची पाने कोरी आहेत.